वायर तेवढी पलीकडं

वडील आणि चुलते वाटण्या करून वेगळे झाले आणि आमच्या लासुर्ण्याच्या घरात, मधल्या खोलीत विटांची भिंत उभी राहिली. टीव्ही चुलत्यांच्या वाट्याला गेला. व्हिडिओ गेमचं मशीन वडिलांनी माझ्यासाठी बारामतीहून आणलेलं, म्हणून ते आमच्याकडं राहिलं. टीव्हीशिवाय मशीन म्हणजे नुसता डबा. पण थोरांच्या भांडणात एवढं कोण बघतो! दोघा भावांचं बोलणंच बंद होतं. मला मात्र चुलतभावाशी खेळायचं होतं. त्याच्यावाचून मला करमत नव्हतं.

"आपली वस्तू त्यांच्याकडं जायची न्हाय," आईनं बजावलं होतं. वायरचं कुणी काही बोललं नव्हतं. दिव्याची लाईन न्यायला गवंड्यानं भिंतीत भोक ठेवलं होतं. त्यातून मी मशीनची वायर पलीकडं सरकवली, चुलतभावानं ती टीव्हीला जोडली. मशीनचा रिमोट माझ्या हातात, पडदा त्याच्यासमोर. त्यानं बघायचं आणि मी न बघता बटणं दाबायची.

पहिल्यांदा नुसती फजिती झाली. तो "उडी!" म्हणेपर्यंत खेळातला आमचा गडी खड्ड्यात. मी त्याला शिव्या घालायची, तो मला. मग ध्यानात आलं, खड्डा पायाशी आल्यावर नव्हे, लांबून दिसताच सांगायला हवं. लहान उडी कुठली, लांब कुठली, त्यालाही शब्द ठरले. कुठं चुकलं ते एकमेकांना सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, हे मला शाळेनं शिकवलं नाही, त्या भोकानं शिकवलं. घरातल्या शहाण्यांना मात्र ते काही केल्या जमत नव्हतं, आणि त्याचा मला फार राग यायचा.

एका संध्याकाळी खेळ रंगात आला असताना पलीकडं दार वाजलं आणि चुलतभाव सांगायचा थांबला. चुलते रानातून आले होते. आता वायर उपटतात, म्हणून मी ती पायाखाली दाबून धरली.

"उडी मार गं पोरी, खड्डा आला!" आवाज चुलत्यांचा होता. मी घाबरून बटण दाबलं.

माझ्यामागं वडील येऊन उभे होते, मला कळलंच नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि भिंतीकडं बघत विचारलं, "मेला का वाचला?"

चुलत्यांचा आवाज आता भोकाच्या अगदी जवळून आला.

"वाचला, दादा. म्होरं अजून एक हाय."

वडील माझ्याशेजारी फरशीवर बसले. त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि भोकाजवळ वाकून म्हणाले, "सांग, कवा उडी मारू?"