होमप्लेटवरचा ठिय्या

चष्मेवाल्याला पुरुषजातीबद्दल फारसा आदर उरला नव्हता, आणि त्याला कारण त्याची लीग. आठवडाभर तो दुकानात लोकांच्या नाकांवर काचा बसवायचा आणि रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर चाळिशी उलटलेल्या बाप्यांचं सॉफ्टबॉल चालवायचा. चुन्याने रेघा आखणं, बॅटी वाहून आणणं, अंपायर म्हणून उन्हात उभं राहणं, सगळं तोच करायचा. बाकीचे नुसते यायचे, तेही उशिरा. आधी पोट यायचं, मागून माणूस. चेंडू हुकला की उन्हाला दोष. ऊन नसलं तर बॅटला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण यांच्याकडे बघूनच कुणाला तरी सुचली असणार, असं तो बायकोला सांगायचा.

"मग सोडा की," ती म्हणायची.

"सोडली तर बॅट कुठल्या बाजूने धरायची यावरून मारामारी करतील."

सगळ्यांत मोठा वैताग घरचाच होता, बायकोचा धाकटा भाऊ. फरशांचा ठेकेदार, तोंडाने तोफखाना. करंडक त्याने दिलेला, म्हणून तो आपल्याच कपाटात परत यावा अशी त्याची साधी अपेक्षा. लीगचा एक नियम होता: बेसकडे, म्हणजे धावेतल्या टप्प्याकडे, येताना जमिनीवर घसरायचं नाही, घसरला तो आऊट. सगळ्यांच्या गुडघ्यांची लायकी ओळखून चष्मेवाल्यानेच तो केला होता.

फायनलमध्ये मेहुण्याने चेंडू लांब फटकावला. तिकडे उभा असलेला दातांचा डॉक्टर चेंडू उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. मेहुणा एकेक बेस घेत धापा टाकत आला आणि कुणाला काय दाखवायचं होतं कोण जाणे, धाव जिथे पुरी होते त्या होमप्लेटजवळ त्याने जमिनीवर अंग झोकून दिलं.

"आऊट," चष्मेवाला म्हणाला.

"मी इथून हलणार नाही," मेहुणा बसल्या जागेवरून गरजला.

झालं. त्याचा अख्खा संघ धावत आला आणि अन्यायाविरुद्ध त्याच्याभोवती मांडी ठोकून बसला. चष्मेवाला मेहुण्याजवळ वाकला. चेहरा पांढराफटक, मांडी दोन्ही हातांनी आवळलेली.

"उठता येत नाही ना?" त्याने हळूच विचारलं.

"भावजी, कुणाला बोलू नका. पाया पडतो."

"पडायलाही आधी उठावं लागेल."

तरी तो गप्प राहिला. आपलेच दात, आपलेच ओठ. सामना मोडला, घोषणा देऊन घसे बसले, लोक जेवायला पांगले. मग त्याने त्या धुडाला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत ओढत नेलं. वाटेभर मेहुणा कण्हत होता आणि मधूनच "पण आऊट नव्हतो," असं पुटपुटत होता.

पुढच्या बैठकीत चष्मेवाल्याला पक्षपाती ठरवून काढलं. मेहुणा काठी टेकत आला होता. घरी जिन्यावर पाय घसरला, असं त्याने सांगितलं. भावजींना काढायला त्याचाही हात वर होता. न घसरण्याचा नियमही रद्द झाला, आणि महिन्याभरात निम्मी लीग घरी पाय उशीवर ठेवून पडली. रेघा आखायला कुणी येईना.

शेवटी सगळे दुकानात आले, मेहुण्याला पुढे घालून.

"लीग परत हातात घ्या," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"घेतो. आधी याला विचारा, त्या दिवशी हा का बसला होता."

बहिणीने घरी आधीच फैलावर घेतलं असावं. मेहुणा खाली मान घालून म्हणाला, "मला उठता येत नव्हतं. मांडीचा स्नायू फाटला होता."

मग त्याच्या संघातल्या एकाचे डोळे भरून आले.

"बघा," तो म्हणाला, "एवढ्या वेदनेत माणूस आपल्या हक्कासाठी बसून राहिला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुण्याची मान हळूहळू वर आली. तोही डोलावू लागला.

चष्मेवाल्याने एकेकाकडे पाहिलं. यांच्या डोळ्यांना कुठल्याही नंबराची काच लागू पडणार नव्हती.

"रविवारी वेळेवर या," तो म्हणाला. "आणि घसरेल तो आऊट."