तांब्याचा म्हणून दिलेला रेडिएटर

स्नेहलने काउंटरवर मोबाइल ठेवला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. आधी मला वाटलं, पिठाची गिरणी सुरू आहे. मग त्या घरघरीत मध्येच कोणीतरी खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं.

"हा माझा कॉम्प्युटर," ती म्हणाली, "आन् हे माझे बाबा. दोघं एकाच खोलीत."

वणीच्या बाजारात एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी तेव्हा हार्डवेअरचं काम करत होतो. स्नेहल राजूरची. तिचे वडील पुंडलिककाका खाणीतून रिटायर झालेले. खाणीची धूळ छातीत घेऊनच ते घरी आले होते. आई नव्हती. पोरगी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी थ्रीडीचं काम करायची. म्हणजे बिल्डरने अजून वीटही लावलेली नसते आणि हिने केलेल्या चित्रात लोक गॅलरीत चहा पीत उभे असतात. त्यासाठी कॉम्प्युटर तासन् तास राबतो, तापतो, आणि पंखे बोंबलायला लागतात. काकांना रात्री दम्याने झोप नाही, दिवसा पंख्यांनी नाही.

कंपनीने तिला उन्हाळाभराची मुदत दिली होती. घरून काम वेळेत करून दाखवलं तर कायम घरून. नाही जमलं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसायचं. बापाला सोडून ती जाणार कुठे? म्हणून ती विचारायला आली होती, की पाण्यावर थंड होणारा कॉम्प्युटर असतो म्हणतात, तो इकडे कोणी करून देतं का.

आमच्या दुकानात तो कोणीच केलेला नव्हता. मीही नाही. पण मला करायचा होता. आयुष्यभर प्रिंटरच्या रोलरमधून अडकलेले कागद ओढून काढणाऱ्या माणसाला असं काम दाराशी आल्यावर काय वाटतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

पार्ट निवडायला आम्ही दोघं आठवडाभर बसत होतो. ती पेन्शनच्या, बँकेच्या कामाने वणीला यायची आणि जाता जाता दुकानात थांबायची. आधी तिच्या डोक्यातला कूलर काढावा लागला. आमच्याकडे पाण्याचा गारवा म्हटलं की माणसाला कूलरच आठवतो. उन्हाळ्यात घरोघरी संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरणं हे दिवाबत्तीइतकं नेमाचं काम आहे. मी तिला सांगितलं, कूलरमधलं पाणी उडून जातं म्हणून हवा गार होते. इथे पाणी बंद नळीत फिरतं, उडत नाही. ते फक्त हमाल आहे. चिपवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची. खोलीपेक्षा ते कधी गार होणार नाही.

"मंग त्यात पाणी टाकायचंच नाही?"

"नाही. सुरुवातीला हवेचे बुडबुडे निघतात, लेव्हल थोडी खाली येते. तेव्हा मी येऊन भरून देईन. तू हात लावू नको. आणि साधं पाणी तर नाहीच, त्याचं कूलंट वेगळं येतं."

मग एकेक पार्ट. चिपवर बसतो तो ब्लॉक, म्हणजे आतून बारीक चऱ्या पाडलेला तांब्याचा ठोकळा. तो प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या मापाचा वेगळा असतो. खोक्यावरचं नाव पाहून मागवला तर फसगत होते, म्हणून तिला कार्ड उघडून आतल्या सर्किटच्या पट्टीचा फोटो काढायला लावला. नळ्या मऊ घेतल्या. काचेसारख्या कडक नळ्या दिसतात झकास, पण त्या वाकवायला हात बसलेला लागतो, आणि माझा बसलेला नव्हता. दर जोडावर नळी चाकीने घट्ट आवळणाऱ्या फिटिंग घेतल्या. पंप आणि पाण्याची टाकी एकत्र येते ती घेतली, एक जोड कमी, गळायची एक जागा कमी. पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे, पुढे धुळीची जाळी. राजूरला कोळसा आहे आणि चुन्याच्या भट्ट्याही आहेत, तिथल्या घरात पांढरा शर्ट आणि काळा शर्ट दोन्ही मळतात.

राहिला रेडिएटर. इथे मी अडून बसलो. रेडिएटर तांब्याचाच पाहिजे. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर अल्युमिनियमचा असं झालं, की एका पाण्यात दोन धातू येतात आणि तिथे चक्क बॅटरी तयार होते. त्यात अल्युमिनियम झिजतं. आधी पांढरा चिखल होतो, तो ब्लॉकच्या चऱ्यांत बसतो, आणि मग भोक. पाण्यात क्षार असले तर हे सगळं झपाट्याने होतं. गाडीच्या रेडिएटरसारखे दोन्ही धातूंचे रेडिएटर काळे रंगवलेले असतात, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही.

आमचे शेठ, म्हणजे दुकानाचे मालक, मागे बसून हे ऐकत होते. माणूस वाईट नाही. पण पार्ट म्हणजे खोकं, आणि खोकं म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची वस्तू, याच्या पलीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.

"अबे विनोद," ते म्हणाले, "रेडिएटर म्हंजे रेडिएटर. कायले त्या पोरीचं डोकं खातो?"

"शेठ, तांब्याचाच मागवा. याच्यात तडजोड नाही."

"मागवतो न बापा. मी का नाही म्हटलं?"

सगळं आलं, रेडिएटर आला नाही. कुरियरमध्ये कुठे तरी अडकला. तेवढ्यात मला झरी जामणीच्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब बसवायला पाठवलं. जाताना मी शेठना बजावलं, रेडिएटर आला तरी मी येईपर्यंत हात लावू नका. झरीला वीज दिवसातून निम्मा वेळ असायची, त्यामुळे काम लांबलं. परत आलो तर टेबलावरचे पार्ट गायब.

"बसवून दिलं," शेठ म्हणाले. "पोरगी घाई करून राह्यली होती. मी अन् नागपूरचा एक जण, दोघांनी लावलं. एकदम चुप चालते."

"रेडिएटर?"

"तांब्याचाच होय. नागपूरहून घेऊन आला तो."

मी राजूरला जाऊन पाहिलं. खरंच शांत. टाकीतलं निळं कूलंट काठोकाठ, नळ्या नीट, गळती नाही. रेडिएटर काळा, वरच्या बाजूला बसवलेला. पुंडलिककाका शेजारीच खाटेवर गाढ झोपले होते. स्नेहल हळूच म्हणाली, "दादा, कितीक दिवसांनी असे झोपले." मी खूश होऊन परत आलो. शेठनी सांगितलेल्या धातूवर माझा विश्वास बसला, कारण मला तो बसायला हवा होता.

मे महिन्याच्या शेवटी दोघं बापलेक ऑटोत कॉम्प्युटर घालून दुकानात आले. स्नेहलचा चेहरा उतरलेला. कंपनीला फायनल काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, आणि मशीन चालता चालता बंद पडलं होतं. उघडलं तर टाकीतलं पाणी दह्याच्या निवळीसारखं. रेडिएटरच्या एका कोपऱ्यातून थेंब गळून थेट खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडत होते. कार्ड मेलं होतं. तिचं काम डिस्कवर सुखरूप होतं, पण ते पूर्ण करायला कार्ड पाहिजे. तसं कार्ड नागपुरातही तयार नव्हतं, बाहेरून यायला चार दिवस तरी लागणार. दुकानातलं सगळ्यात दांडगं मशीन मी तिच्यासाठी जोडलं. एका चित्राला त्याने जेवढा वेळ घेतला, त्यावरून तिचं काम दिवाळीला संपलं असतं.

शेठनी टाकीत वाकून पाहिलं. "हे कूलंट नाही. यात बोअरचं पाणी आहे. कोणं टाकलं?"

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मग काका खुर्चीवरूनच म्हणाले, "म्या टाकलं. कमी दिसे म्हणून. कूलर भरतो तसाच याच्यातही एक गिलास टाकत जाये."

"बाबा, तुमाले कोणं सांगतलं होतं हात लावाले?" स्नेहल इतक्या जोरात बोलली की बाहेरचा पानवालाही वळला. काकांनी मान खाली घातली.

तोवर मी ब्लेडने रेडिएटरचा रंग खरवडला होता. खाली लाल नव्हतं, चंदेरी होतं. मी तो शेठच्या तोंडासमोर धरला. "हा अल्युमिनियमचा आहे. भोक याच्यामुळे पडलं. तांब्याचा असता तर बोअरच्या पाण्याने फार तर आत क्षार धरला असता, मी धुऊन दिला असता."

"त्या माणसानं तांब्याचा म्हणून देल्ला," शेठ म्हणाले. "आन् कूलंट राह्यलं असतं त दोन वर्षं काही झालं नसतं. पाणीच खराब टाकलं त रेडिएटरची कंपनी काय करन?"

मी भांडलो. सगळ्यांसमोर भांडलो. पण दोन धातूंची बॅटरी कोणाला दिसत नाही, आणि गिलासभर पाणी सगळ्यांना दिसतं. उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनीही माना हलवल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहूनच. स्नेहल रडत नव्हती. ती वडिलांकडे बघत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

कंपनीने मुदत वाढवली नाही. मेलमध्ये फार सभ्य भाषा होती. जूनमध्ये ती पुण्याला गेली.

मी दुकान सोडलं. आता घरूनच दुरुस्तीची कामं करतो. पावसाळ्यात राजूरला कोणाचा तरी लॅपटॉप द्यायला गेलो, तेव्हा काकांकडे डोकावलो. शेजारीण डबा ठेवून जात होती. खोलीत आता कसलाच आवाज नव्हता, आणि तरी त्यांच्या डोळ्यांत झोप दिसत नव्हती. मी म्हटलं, "काका, चूक तुमच्या पाण्याची नव्हती, मी त्या दिवशीही सांगितलं."

"ऐकलं नं म्या."

"मग? आणि त्यात पाणी टाकायचं तुमच्या मनात आलं कसं? मी स्नेहलला नको म्हणून सांगितलं होतं."

ते खोकले. मग म्हणाले, "शेठनंच सांगतलं. बसवून देल्ल्यावर. म्हणे, काका, कूलरसारखंच हाय, कमी झालं का टाकत जा."

"मग तुम्ही दुकानात बोलला का नाहीत?"

"चार लोकं उभे होते. दुकान त्याइचं. त्याइची इज्जत काहून काढा? म्हाताऱ्याची चूक म्हटलं त मोडते थोडीच काही."

मोडलं ते त्यांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. मला काकांचा राग आला. शेठचा आला त्याहून जास्त आला, आणि अजूनही येतो. चांगुलपणाने वागायला जागा आणि वेळ बघावी लागते, आणि ते काही कोणी आपल्याला शिकवलेलं नसतं.

बाहेर येऊन मी स्नेहलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती ऑफिसात होती. मागे खूप माणसांचा गलबला होता.

"म्हणजे त्यांच्याकडे उत्तर होतं," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा."

"हो."

ती गलबल्यातून जरा बाजूला झाली. मग म्हणाली, "दादा, मी त्यांना अजून फोन केला नाही. दोन महिने झाले. शेजारच्या काकूंना करते." आणि कोणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

नंतर तिने त्यांना फोन केला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पाण्यावरच्या कॉम्प्युटरची कामं अजून येतात माझ्याकडे. दर वेळी मी रेडिएटरच्या एका कोपऱ्याचा रंग गिऱ्हाइकासमोर खरवडून दाखवतो. लोकांना वाटतं, नवी वस्तू खराब करतोय. वाटू दे.