उभ्या इंजिनातली उडी

महादूदादानं इंजिनातून उडी मारली. इंजिन जागेवरच उभं होतं. त्याला चाकंसुद्धा नव्हती.

तो फरशीवर आपटला. उठलाच नाही. म्हणाला, "सायेब, ब्रेक लागत नाय. हितंच गेला गणपत."

खालापूरकडच्या एका खाणीतली ही गोष्ट, सत्तरच्या आसपासची. दगड उतरवायला खाणीची स्वतःची लाईन होती, त्यावर इंग्रजांच्या वेळची दोन वाफेची इंजिनं. एक उतारावर सुटलं आणि वळणावरून दरीत गेलं. ड्रायव्हर गणपत मेला. कडाव गावचा महादू त्याचा कोळसा टाकणारा फायरमन. "उडी मार!" असं गणपत ओरडला म्हणून तो वाचला. चौकशीत ठरलं, ड्रायव्हरनं ब्रेक वेळेवर लावला नाही. गणपतच्या बायकोला क्वार्टर सोडावं लागलं.

मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला मॅनेजरांनी माझ्याकडून सिम्युलेटर बनवून घेतला, म्हणजे खोटं इंजिन. पत्र्याची शेड, काळे पडदे, टेपवर वाफेचे फुत्कार, समोर रुळांचा सरकता पट. केबिनमधलं सामान, गेजसकट, दरीतून काढलेल्या भंगारातलं.

या इंजिनांना व्हॅक्यूम ब्रेक. पाइपातली हवा खेचून ठेवायची. हवा आत सोडली की ब्रेक लागतो. पुन्हा पुरती खेचली नाही, तर पुढचा ब्रेक लुळा पडतो. किती खेचली ते गेजचा काटा दाखवतो. मी खरा पाइप आणि खरा पंप बसवला होता, पटाचा वेगही त्यावरच ठरायचा.

तपासायला आधी महादूला चढवलं, तेव्हाची ती उडी. त्याला बाहेर बसवून मी स्वतः आत चढलो. अपघाताची जागा मी मशीनला सांगितली नव्हती, नुसता लाईनचा उतार आणि वळणं भरली होती. पहिले ब्रेक चांगले लागले. काटा दर वेळी 'फुल'वर, म्हणजे हवा पुरती खेचल्याच्या खुणेवर यायचा. मग गणपत गेला त्या वळणाआधी मी ब्रेकचा दांडा ओढला आणि वेग वाढतच गेला. ओढण्याआधी काटा फुलवरच होता. टेपवरची वाफ कानाशी कुणी धापा टाकाव्यात तशी वाटायला लागली. हात दांड्यावरून सुटेना.

पंप बंद करून मी त्याच पाइपाला नवा गेज जोडला आणि पुन्हा चालवून बघितलं. जुना फुल दाखवत होता, नवा जेमतेम अर्धा.

बघायला आलेले मॅनेजर म्हणाले, "दरीत पडून बिघडला असेल."

तेवढ्यात वर डोंगरात शिट्टी झाली. दुसरं इंजिन भरलेले डबे घेऊन निघायच्या बेतात होतं.

महादू पुटपुटला, "त्याला बी ह्योच गेज हाय."

मॅनेजरांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला. "गाडी सोडू नका. ब्रेक आवळून ठेवा."

आम्ही जीप घेऊन वर गेलो. नवा गेज त्या इंजिनाला लावला. तिथंही जुना काटा फुलवर, नवा अर्ध्यावर. जुन्या गेजातली स्प्रिंग वयानं दमली होती. त्या इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला आणि रुळावरच बसला.

चौकशी पुन्हा झाली. गणपतवरचा ठपका पुसला गेला, बायकोला क्वार्टर परत मिळालं. महादू मात्र त्या शेडमध्ये पुन्हा आला नाही.

अपघात झाला की सगळे माणसाची जबानी घेतात. आधी काट्याची घ्यावी.