रुखवतातलं अस्वल

भूमापन कचेरीत मी तीस वर्षं नकाशे रंगवले. शेत हिरवं, ओढा निळा, आणि रंग रेषेबाहेर गेला की साहेबांची बोलणी. निवृत्त झाल्यावर मनातलं पहिलं चित्र काढलं ते भाचीच्या लग्नासाठी, रुखवतात मांडायला. जलरंगातली जनावरांची पंगत. बगळा भटजी एका पायावर उभे, माकडं पुरणाच्या होळग्या वाढतायत, इरकल नेसलेली म्हैस मठ्ठा चाखून नाक मुरडतेय. दोन्हीकडची माणसं साखरपुड्यातच न्याहाळून ठेवली होती, तीच या जनावरांत उतरवली. फक्त मुलाच्या वडिलांना हात लावला नाही. धारवाडचे वकील. भिवया जाड, आवाज त्याहून जाड.

नवनगरच्या मंगल कार्यालयात थोरल्या बहिणीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, चित्र पाहिलं आणि लाडवांची परात खाली ठेवून मला बाजूला ओढलं.

"हे आधी काढ. व्याह्यांना कळलं तर लग्न मोडेल."

"अक्का, राहू दे ना. एवढं एकच तर माझं आहे इथं."

"काढ म्हणते ना!"

मला रडू येत होतं, पण मीही हट्टाला पेटले. काढलं नाही.

तेवढ्यात वरपक्ष रुखवत बघायला आलाच. मुलाची आत्या म्हशीकडे बोट दाखवून, "ही आमची वहिनी!" म्हणत खुदकन हसली. म्हैस ती वहिनीच होती. वकीलसाहेब मात्र हात मागे बांधून, दाव्याचे कागद वाचावेत तसं चित्र वाचत राहिले. अक्काचा चेहरा पांढराफटक.

"इदराग ना यल्लि अदीनि?" ते गरजले. मग मराठीत, "सगळे आहेत. मी कुठं आहे यात? मानपान म्हणून काही आहे की नाही?"

मी पर्समधून रंगांची डबी काढली, फुलपात्रात पाणी घेतलं आणि तिथंच बसले. काळा कोट घातलेलं अस्वल, पानात चार होळग्या.

"पोट लहान झालंय," वकील वाकून म्हणाले.

वाढवलं. पार रेषेबाहेर गेलं. ते इतके हसले की सनईवाला वाजवायचा थांबला. तीस वर्षांत माझ्या रंगावर कुणी असं हसलं नव्हतं. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग राहिलेल्या पाहुण्यांची रांगच लागली. शेवटी अक्का.

"आणि मी गं?"

मी कोपऱ्यात बोट ठेवलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून सगळ्यांवर ओरडत धावणारी कोंबडी. अक्का बघतच राहिली. मग आल्यागेल्याला स्वतःच सांगत सुटली, "ही कोंबडी मी. आणि चित्र माझ्या बहिणीनं काढलंय."