सरळ अक्षरांचा ठसा

"ते पान मी काढणार नाही," असं क्लबच्या सेक्रेटरींना तोंडावर सांगितलं तेव्हा मी कॉफीचा ग्लास टेबलावर आपटला. साठी उलटलेल्या माणसाने एवढं चिडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचा क्लब टपालाची तिकिटं जमवणाऱ्यांचा. दरवर्षी बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार प्रदर्शन भरतं. प्रत्येकाला एक फ्रेम मिळते आणि फ्रेममध्ये सोळा पानं लावायची असतात. माझा विषय टांकसाळ. नाणी पाडणाऱ्या या कारखान्याच्या इतिहासावर आपल्याकडे आणि बाहेरच्या देशांत निघालेली तिकिटं आणि कव्हरं मी कित्येक वर्षं जमवतोय. कव्हर म्हणजे साधा लिफाफाच, पण त्यावर त्या प्रसंगाचं चित्र, तिकीट आणि त्या एका दिवसापुरता बनवलेला टपालाचा शिक्का. "लोक नाणी जमवतात, तुम्ही नाण्याच्या कारखान्याची पाकिटं जमवता," असं बायको आल्यागेल्याला हसत हसत सांगते. सांगू दे. कपाटाचा वरचा कप्पा मात्र तिनेच रिकामा करून दिलाय.

हे वेड लागलं पीण्या औद्योगिक वसाहतीत. मी मूळचा निपाणीचा. आयटीआय करून बेंगळुरूला आलो आणि पीण्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठसे कोरायच्या कामाला लागलो. शाळेच्या पट्ट्यांची बक्कलं, पळण्याच्या शर्यतीची पदकं, सराफांची लक्ष्मीची चांदीची नाणी, या सगळ्यांचे पोलादी ठसे आमच्याकडे हाताने कोरले जायचे. तिथे मला शिकवायला एक वस्ताद होते. त्यांचं अर्धं आयुष्य टांकसाळीत ठसे कोरण्यात गेलं होतं. मुलगी इथे दिली म्हणून पंचेचाळिशीतच नोकरी सोडून बेंगळुरूला आले, आणि घरी बसवेना म्हणून आमच्या शेडमध्ये.

मी स्वतंत्रपणे कोरलेला पहिला ठसा लक्ष्मीच्या नाण्याचा होता. खाली 'शुभ लाभ' कोरायचं होतं. चार दिवस मान मोडून मी ती अक्षरं अशी देखणी कोरली की माझाच ऊर भरून आला. वस्तादांनी ठसा हातात घेतला. मेणाचा गोळा त्यावर दाबला आणि माझ्यापुढे धरला. मेणावर 'शुभ लाभ' उलटं उमटलं होतं, आरशात दिसतं तसं. मी अक्षरं सरळ कोरली होती! ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर ते सरळ पडतं, हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक असेल. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वस्ताद एवढंच म्हणाले, "लेका, फेकू नकोस हा. डोळ्यासमोर ठेव." तो ठसा आजही माझ्याकडे आहे.

पहिलं कव्हर मला त्यांनीच दिलं. टांकसाळीत कसलासा समारंभ झाला होता. साहेबांना पदकं मिळाली आणि ठसे कोरणाऱ्यांना एकेक कव्हर. त्यावर टांकसाळीची इमारत, तिचे खांब आणि गेट. "बघ," वस्ताद म्हणाले होते, "गेटसुद्धा आलं. आम्ही नाही आलो." हे बोलताना ते हसत होते. मला मात्र अजिबात हसू आलं नव्हतं.

तेव्हापासून जमवलेलं प्रत्येक तिकीट आणि प्रत्येक कव्हर मी भिंग लावून बघत आलो. इमारती आहेत, यंत्रं आहेत, राजे आहेत, सिंह आहेत, तराजू आहेत. ठसा कोरणारा हात एकाही चित्रात नाही. म्हणून यंदा फ्रेमचं नाव मी ठेवलं 'हात कुठे आहेत?' आणि सोळावं पान पूर्ण वस्तादांचं केलं. त्यांचं नाव, त्यांच्या कामाबद्दल चार ओळी, आणि आमच्या क्लबनेच टांकसाळीच्या इतिहासावर काढलेलं नवंकोरं कव्हर.

गोम या कव्हरात होती. चित्रात एका बाजूला ठसा होता आणि दुसऱ्या बाजूला त्यातून निघालेलं नाणं. आणि दोन्हींवर अक्षरं सरळ! म्हणजे ज्या चुकीसाठी मी शेडमध्ये मान खाली घातली, तीच चूक आमच्या क्लबने सोनेरी शाईत छापून, शिक्का मारून, टाळ्यांच्या गजरात मिरवली होती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. मग पानावर स्वच्छ लिहिलं: 'या चित्रातला ठसा खोटा आहे. असा ठसा कुठल्याही टांकसाळीत चालणार नाही. ठसे कोरणाऱ्या एकालाही न विचारता हे चित्र काढलं गेलं.' खाली त्याचा इंग्रजी तर्जुमा बायकोने टाईप केला. शेवटच्या वाक्यावर तिची बोटं थांबली. "हे एवढं लिहायलाच हवं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तेच तर लिहायचंय." तिने टाईप केलं.

शनिवारी परीक्षकांची फेरी झाली आणि सेक्रेटरी तडक माझ्याकडे आले. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला धावून येणारा. कव्हरचं चित्र त्यांनी स्वतः पुढे होऊन चित्रकाराकडून काढून घेतलं होतं, त्यामुळे ते दुखावले होते, हे मलाही कळत होतं.

"सर, शेवटचं पान काढा. आपल्याच क्लबचं कव्हर आहे. बाहेरचे लोक बघतात."

"चूक आहे की नाही ते बोला."

"हजारात एकाला कळणार नाही. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अण्णा. थोडं सांभाळून घ्या."

'सर'वरून 'अण्णा'वर आले, म्हणजे आता लाडीगोडी. एरवी मी विरघळलो असतो. पण दुसऱ्या दिवशी मी वस्तादांना हॉलमध्ये आणणार होतो. ते आता नव्वदीला टेकलेत, डोळे गेलेत. मल्लेश्वरममध्येच मुलीकडे असतात. "तुमच्यावरचं पान लावलंय, रविवारी घेऊन जातो आणि वाचून दाखवतो," असा शब्द मी त्यांना दिला होता. म्हातारा आठवडाभर मुलीला इस्त्रीचा सदरा तयार ठेव म्हणून सांगत होता. त्या माणसाला हॉलपर्यंत आणून पंधरा पानांची फ्रेम दाखवू? त्यांच्या हातांबद्दलचं सगळ्या इतिहासातलं एकुलतं एक पान, तेही काढून ठेवू?

"ते पान मी काढणार नाही," मी म्हणालो. "फ्रेमच नको असेल तर तसं सांगा. सोळाच्या सोळा पानं घेऊन जातो. एक पान काढून पंधरा ठेवणार नाही."

"बक्षीस जाईल, सर."

"जाऊ दे की! बक्षिसाचं पदक कसं कोरतात ते मला माहीत आहे."

ते दुसऱ्या फ्रेमकडे वळले. मला वाटलं, विषय मिटला.

रविवारी सकाळी वस्तादांना रिक्षातून आणलं. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, पायात नवे सँडल. हात धरून फ्रेमपाशी नेलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळाव्या पानावर पांढरा कागद चिकटवला होता. चारी बाजूंनी चिकटपट्टी, अगदी नीट.

"वाच की रे," वस्ताद म्हणाले.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, तोंडपाठ आहे तेवढं म्हणून दाखवावं, यांना काय दिसणार आहे! लगेच स्वतःचीच लाज वाटली. मी म्हणालो, "वस्ताद, पान झाकलंय. कव्हरावरचा ठसा सरळ काढलाय, ते मी लिहिलं म्हणून."

"सरळ?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "अक्षरं सरळ?"

"हो."

"आणि नाण्यावर?"

"तीही सरळ."

म्हातारा इतका मोठ्याने हसला की अर्धा हॉल आमच्याकडे बघायला लागला. सेक्रेटरीही आले. मी खिशातून माझा जुना ठसा काढला. पान वाचून झालं की वस्तादांच्या हातात ठेवायचा आणि दोघांनी हसायचं, म्हणून आणला होता, सोबत मेणाचा गोळाही. आता तो मी तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"शुभ लाभ," ते म्हणाले. "सरळ. अजून जपलंस होय रे, गाढवा?"

मी मेण सेक्रेटरींच्या हातात दिलं. "दाबा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. माणसं जमली होती, आता मागे हटता येईना. त्यांनी मेण दाबलं, उचललं आणि बघत राहिले. उलटं उमटलेलं 'शुभ लाभ' त्यांनी दोनदा डोळ्यांजवळ नेलं. मग मान हलवली. "सरी," म्हणजे बरोबर आहे, एवढंच म्हणाले.

मी चिकटपट्टी ओढली. टर्रकन आवाज झाला. कुणी अडवलं नाही. मग भर हॉलमध्ये, वस्तादांच्या कानाशी तोंड नेऊन, ते पान मी पहिल्या अक्षरापासून वाचलं. त्यांचं नाव वाचताना माझा आवाज चिरकला आणि मी तो चिरकू दिला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते खोटं चित्र कुठे आहे? हात लाव माझा."

मी पान फ्रेममधून काढून टेबलावर ठेवलं, कव्हर प्लॅस्टिकमधून बाहेर घेतलं. शिक्के मारायच्या टेबलावर काळ्या शाईचं पॅड उघडं पडलं होतं. मला काय वाटलं कोण जाणे. मी वस्तादांचा अंगठा त्या पॅडवर टेकवला. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, कव्हर खराब होईल!" कव्हराला साधा डाग पडला तरी आमच्यात सुतक पाळतात.

"सही करू द्या ना त्यांना," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "अंगठा कशाला?"

"सहीला डोळे लागतात," वस्ताद म्हणाले. "कामाला मला हाच लागायचा."

आणि त्या सरळ अक्षरांच्या ठशावर, सोनेरी शाईवर, त्यांनी अंगठा दाबला. अगदी कामावर दाबायचे तसा, श्वास रोखून. रेघ न् रेघ उमटली.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. बायको म्हणाली, "त्या कव्हराची किंमत गेली बघा." म्हणाली, पण कपाटात ठेवताना त्याच्या वरखाली तिने पांढरा कागद घातला, अंगठा पुसू नये म्हणून.

पुढच्या वर्षीचा फॉर्म आलाय. मी भरूनही टाकला. फ्रेमचं नाव तेच आहे, 'हात कुठे आहेत?' फक्त ते पान आता सोळावं नाही. पहिलं आहे.