कठड्यावरचा ट्रान्झिस्टर

त्या वर्षी रेडिओवर सकाळी सातला पाच मिनिटं कचऱ्याबद्दल सांगायचे: ओला वेगळा, सुका वेगळा. शिवमंदिराजवळच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतले काका तेवढ्यासाठी ट्रान्झिस्टर कठड्यावर आणून ठेवायचे आणि आवाज पूर्ण चढवायचे. कार्यक्रम संपला की दारोदारच्या बादल्या बघत फिरायचे. एखादा शब्द दोनदा बोलायची त्यांना खोड होती. "ऐकलं ना? कचरेवाली बाई त्यात हात घालते. हात!"

सात वाजत आले की चूक आपलीच निघणार, असं वाटायचं.

एका सकाळी घाईत दाढी उरकली आणि जुनं ब्लेड भाजीच्या सालांत टाकून बादली दाराबाहेर ठेवली. थोड्या वेळाने बाहेरून "स्स" ऐकू आलं. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर माझ्या बादलीत हात घातलेल्या काकांच्या बोटातून रक्त येत होतं. तेवढ्यात बाई जिना चढून आली आणि बादलीकडे वाकली.

काकांनी बादली मागे ओढली. "थांब, ही मी ओततो. ओततो."

त्यांनी सगळा कचरा पेपरावर ओतला, त्याच हाताने ब्लेड शोधलं, कागदात गुंडाळलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. मी पडदा धरून आतच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सातला ट्रान्झिस्टर कठड्यावर आला नाही. काकांनी तो माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवला. आवाज अगदी बारीक होता, माझ्या एकट्यापुरता.