मागून कापायचा आकडा

आमचे हे लाखनीच्या हायवेवर धरमकाट्यावर होते. ट्रक येऊन उभा राहिला का पहिले नंबरप्लेट पाहायची, मंग वजन. घरी आले का सांगत, "रत्ना, आज एक नंबर भेटला, फुटतच नाही!" जशी काही लॉटरी लागली. फुटत नाही म्हणजे एक अन् तो स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच भाग जात नाही. शाळेत त्याले मूळ संख्या म्हणतात. मी म्हणायची, "नाही फुटत तर नाही फुटत, जेवा आता गुमान!"

एक आकडा त्यांचा लई लाडका, ७३९३९१३३. फुटत नाही. मागचा तीन काढा, उरलेला बी फुटत नाही. अजून एक काढा, तरी नाही. असं मागून कापत कापत नुसता सात उरते, पण मधात कुठंच फुटत नाही. अन् मागं नववा आकडा कोणताही लावून पाहा, फुटलाच. असा गुणाचा याच्याहून मोठा दुसरा नाही म्हणत. बाप्पा, काय ते कौतुक!

मंग लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. भेटायले येणारे खाटेजवळ बसून त्यांच्यादेखतच बोलत, "आता काही समजत नाही बिचाऱ्याले." माह्या अंगाची आग होई. पण समजते का नाही, हे मले बी कुठं माहीत होतं? डॉक्टरले बी सांगता येत नव्हतं. पोरगा अनुप नागपूरले नोकरीवर. त्यानं तिकडं अशा पेशंटले ठेवाची एक जागा पाहिली. सुट्टी घेऊन आला अन् म्हणे, "आई, बाबाले समजतच नाही, तर इथं काय अन् तिथं काय! उद्या गाडी येते." मी कोणत्या तोंडानं अडवू?

त्या दुपारी पेज भरवाले बसली तर यांनी तोंड फिरवलं. माहं डोस्कंच सरकलं. "अजी, तुमचा तो आकडा तरी आठवते का?" म्हणलं, अन् मीच सुरू झाली. ७३९३९१३३. मंग पुढचा सात सोडला, ३९३९१३३. आमच्या घरी गाडीचा नंबर पुढचं एमएच छत्तीस सोडूनच सांगतात, तीच सवय तोंडाले. यांनी डावा हात खाटेवर आपटला. "काय झालं? हा बी फुटत नाही ना?" त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. तोंड वाकडं झालं.

"अक... अकरा."

मी मोबाइलवर अकरानं भागून पाहिलं. पुरा भाग गेला, बाकी काहीच नाही! मी चुकीच्या बाजूनं कापला होता, अन् खाटेवर पडल्यापडल्या ह्या माणसानं माही चूक पकडली. मी तिथंच रडाले लागली. समजत होतं त्याईले. सगळ्यांचं सगळं बोलणं समजत होतं.

अनुप त्यांचे कपडे बॅगेत भरून राहिला होता. त्याच्यापुढं मोबाइल धरला, काय झालं ते सांगितलं. "अन् आता जे विचारायचं ते मले नको विचारू. त्याईले विचार."

तो खाटेजवळ येऊन बसला.

"बाबा, नागपूरले नेऊ का तुमाले?"

इतक्या दिवसांत हे त्याईले कोणी विचारलंच नव्हतं. यांनी मान हलवली. नाही.